दोरी मुलाच्या हातात हवी

एडिनबर्ग विद्यापीठातील सिल्व्हिया वीअर आणि रिकी इमॅन्युएल यांनी १९७६ साली एका सात वर्षांच्या स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेल्या, मुलाबरोबर केलेल्या कामाची नोंद प्रसिद्ध केली. त्या मुलापुढे जमिनीवर सरकणारे एक यंत्र ठेवलेले होते. लोगो या संगणकभाषेतील आज्ञांनुसार पुढे-मागे जाणारे आणि वळणारे हे यंत्र ‘कासव’ या नावाने ओळखले जाई. त्याचे रूप माणसाचे नव्हते, आणि ते मुलाला कसलाही धडा देत नव्हते. आज्ञा मुलाने द्यायची आणि कासवाने ती पाळायची, एवढाच खेळ होता. या खेळाने त्या मुलाच्या संवादाला चालना मिळाली, असा त्या दोघांचा निष्कर्ष होता.

त्यानंतरच्या जवळजवळ अर्धशतकात यंत्राला डोके आले, डोळे आले, हात आणि आवाज आला. १९९८ मध्ये कर्स्टिन डाउटनहान यांनी इंग्लंडमध्ये स्वमग्न मुलांसाठी यंत्रमानव वापरून पाहणारा ‘ऑरोरा’ प्रकल्प सुरू केला आणि २००५ पासून हर्टफर्डशायर विद्यापीठात ‘कॅस्पर’ हा लहान मुलाएवढा यंत्रमानव घडत गेला. फ्रान्समधील अल्देबारान कंपनीचा ५८ सेंटिमीटर उंचीचा ‘नाओ’ तर जगभरच्या प्रयोगशाळांत आणि उपचारकेंद्रांत पोहोचला. यंत्र माणसाच्या जवळ येत गेले, तशी खेळातली दोरी मात्र मुलाच्या हातातून सुटत गेली. आता बहुतेक ठिकाणी यंत्रमानव म्हणतो, ‘माझ्याकडे बघ’, ‘मी करतो तसे कर’, ‘हा चेहरा आनंदी आहे की दुःखी?’ मूल ते करते, आणि बरोबर केले की यंत्रमानव शाबासकी देतो. माझा आक्षेप यंत्राला नाही, या उलटापालटीला आहे. स्वमग्न मुलांच्या सामाजिक शिक्षणासाठी यंत्रमानव वापरावा. पण त्याची दोरी मुलाच्या हातात असावी, त्याच्या शेजारी मुलाचे ऐकायला शिकलेले माणूस असावे, आणि असे माणूस नेमण्याआधी सार्वजनिक पैसा यंत्रावर खर्च होऊ नये, असे माझे मत आहे.

यंत्रमानवाची अनेक स्वमग्न मुलांना ओढ वाटते, हे खरे आहे, आणि त्यामागची कारणे समजून घेण्यासारखी आहेत. माणसाचा चेहरा एकाच वेळी अनेक गोष्टी सांगत असतो आणि त्या दर क्षणाला बदलत असतात. आवाजाचा सूर कित्येकदा शब्दांच्या नेमका उलट असतो. ‘ये घरी, बघते तुझ्याकडे’ असे आई म्हणते तेव्हा ते प्रेमाचे बोलावणे नसते, हे इतर मुलांना कोणी न शिकवता कळते. कॅस्परचा चेहरा मुद्दाम साधा ठेवलेला आहे. पायाला गुदगुल्या केल्या की तो हसतो, जोराने मारले की लागल्याचे सांगतो, आणि उद्याही तसेच करतो. नाओच्या चेहऱ्याला तर हालचालच नाही. डोळ्यांतील दिव्यांचे रंग तेवढे बदलतात. असे यंत्र थकत नाही, चिडत नाही, आणि विसाव्यांदा तोच प्रश्न आला तरी ‘किती वेळा सांगू तुला’ असे म्हणत नाही. ही यादी यंत्राच्या गुणांची आहे तितकीच ती आपल्या वागण्याबद्दलची तक्रारही आहे. अंदाज बांधता येईल असे वागणे, मोजके शब्द, आणि प्रश्न विचारल्यावर उत्तरासाठी खरोखर थांबणे यांपैकी कशालाही मोटर लागत नाही. मूल यंत्राशी सहज वागते, याचा अर्थ ‘त्याला माणसे नको आहेत’ असा लावला जातो. ‘त्याला माणसांकडून काय हवे आहे ते यंत्राने दाखवले’, असाही तो लावता येईल, आणि मला तो अधिक खरा वाटतो.

सामान्य वाचकाला सहसा सांगितली जात नाही अशी आणखी एक गोष्ट आहे. या प्रयोगांतील यंत्रमानव पुष्कळदा स्वतःच्या बुद्धीने बोलत नसतो. मुलाला न दिसेल अशा जागी बसलेला संशोधक किंवा शेजारी बसलेला शिक्षक बटणे दाबून त्याला बोलता आणि हलता करत असतो. सिंधुदुर्गातील पिंगुळीचे ठाकर कलावंत कळसूत्री बाहुल्या नाचवतात, तेव्हा बाहुली सूत्रधाराच्या बोटांवर चालते हे प्रेक्षकांतल्या लहानग्यालाही ठाऊक असते आणि त्यामुळे खेळाची गोडी कमी होत नाही. यंत्रमानवाच्या बाबतीतही हे सत्य उघड सांगितले पाहिजे, कारण त्यामुळे श्रेय योग्य माणसाकडे जाते: मुलाचा नेमका कोणता क्षण टिपायचा हे यंत्राला नव्हे, बटण दाबणाऱ्या जाणत्या माणसाला कळलेले असते. मला सर्वांत मोलाचा वाटतो तो कॅस्परचा एक वेगळाच वापर. त्यात नियंत्रक, म्हणजे यंत्रमानवाचा रिमोट, मुलाच्याच हाती दिला जातो. एका मुलाने कॅस्परला हसवायचे किंवा रडवायचे आणि दुसऱ्याने त्याला प्रतिसाद द्यायचा, असा खेळ झाला की यंत्रमानव दोन मुलांच्या मधली गोष्ट बनतो आणि मूल स्वतः सूत्रधार होते. एडिनबर्गच्या कासवाशी नाते सांगणारा वापर तो हाच.

यंत्रमानवाच्या बाजूचा सर्वांत गंभीर पुरावा म्हणून येल विद्यापीठातील ब्रायन स्कॅसेलाटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे २०१८ साली प्रसिद्ध झालेले काम पुढे केले जाते, आणि ते आदरास पात्र आहे. प्रयोगशाळेतील अर्ध्या तासाच्या भेटींवर न थांबता त्यांनी १२ मुलांच्या घरी महिनाभर यंत्र ठेवले. रोज ३० मिनिटे मूल, घरातील मोठे माणूस आणि यंत्र अशा तिघांनी मिळून खेळायचे, असा क्रम होता. यंत्र मुलाच्या प्रगतीप्रमाणे खेळ सोपा किंवा अवघड करत असे. दोघांनी मिळून एकाच गोष्टीकडे पाहण्याचे, म्हणजे सामाईक अवधानाचे, कौशल्य मुलांत वाढल्याचे आढळले, आणि तेही यंत्र समोर नसताना, मोठ्या माणसाबरोबर. ही कसोटी योग्य होती. यंत्रासमोर मूल किती हसले हे मोजण्यात फारसा अर्थ नाही; यंत्र बाजूला गेल्यावर मूल आजीकडे, भावाकडे, वर्गातल्या मुलीकडे वळले की नाही, हे मोजले पाहिजे. मात्र या अभ्यासाचा दाखला देताना तीन गोष्टी गाळू नयेत. मुले १२ होती. यंत्राशिवाय तेच खेळ खेळणाऱ्या दुसऱ्या गटाशी तुलना नव्हती. आणि वापरलेला ‘जिबो’ हा यंत्रमानव माणसासारखा मुळीच दिसत नव्हता, त्याला हातपायही नव्हते. रोज अर्धा तास आई किंवा वडील मोबाइल बाजूला ठेवून मुलाशेजारी बसले आणि त्याच्या खेळात सामील झाले, तर त्यातले किती श्रेय यंत्राचे आणि किती त्या अर्ध्या तासाचे, हा प्रश्न उरतोच. ज्या गोष्टीचा सर्वाधिक गवगवा होतो ती माणसासारखी आकृती तर या यशाला लागलीच नाही.

‘सामाजिक शिक्षण’ म्हणजे आपण काय समजतो, हे आता पाहिले पाहिजे, कारण यंत्राला जे सांगू तेच ते शिकवणार. मराठीत रूढ झालेला ‘स्वमग्नता’ हा शब्द जुन्या समजुतीवर उभा आहे: मूल स्वतःतच मग्न आहे, त्याला बाहेरच्या जगाचे अगत्य नाही, म्हणून त्याला बाहेर ओढून काढायचे. दुसरा रूढ शब्द हाताशी नाही म्हणून मीही तो वापरतो, पण तो मला टोचतो. स्वतः स्वमग्न असलेले ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन यांनी २०१२ साली मांडलेला विचार याच्या उलट आहे. न समजणे एकतर्फी नसते. स्वमग्न माणसाला इतरांचे मन कळायला अवघड जाते तसेच इतरांनाही त्याचे मन कळत नाही, आणि दोष मात्र एकाच्याच पदरात टाकला जातो. कॅथरिन क्रॉम्प्टन आणि सहकाऱ्यांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात आपल्या कानगोष्टींच्या खेळासारखी रचना होती. आठ-आठ माणसांच्या साखळ्यांतून एक गोष्ट पुढे पोचवायची होती. सगळी माणसे स्वमग्न असलेल्या साखळ्यांत ती गोष्ट सगळी माणसे स्वमग्न नसलेल्या साखळ्यांइतकीच नीट पोचली. मिश्र साखळ्यांत ती जास्त विरत गेली. अडचण दोन प्रकारच्या माणसांच्या सांध्यावर होती. तसे असेल तर फक्त एका बाजूला धडे देणारा यंत्रमानव अर्धीच शिकवणी घेत असतो.

नजरेला नजर देण्याचेच उदाहरण घ्या. यंत्रमानवाच्या कितीतरी खेळांत हे मोजण्याजोगे यश मानले जाते. अनेक प्रौढ स्वमग्न व्यक्तींनी लिहून ठेवले आहे की समोरच्याच्या डोळ्यांत पाहणे त्यांना असह्य होते, आणि पाहावेच लागले तर समोरचा काय बोलतो याकडे लक्ष राहत नाही. शिवाय आपल्याकडे वडीलधारे रागावत असताना त्यांच्या डोळ्याला डोळा भिडवणे हा उद्धटपणा समजतात आणि मान खाली घालून ऐकणे हा संस्कार. परदेशातील वर्तनाचे माप घेऊन शिवलेला धडा आपल्या घरातल्या मुलाला घातला, तर शाळेत शाबासकी आणि घरी धपाटा, असा प्रसंग त्याच्यावर येईल. ज्याला समाजाचे नियम आधीच कोड्यासारखे वाटतात त्याला आपण दोन परस्परविरोधी कोडी देतो आहोत.

भाषेचा प्रश्न याहून खोल आहे. बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली ११ स्वमग्न मुलांचे वर्णन केले, तेव्हाच सर्वनामांची अदलाबदल नोंदवली होती: मूल ऐकलेले वाक्य जसेच्या तसे उच्चारते, म्हणून स्वतःसाठी ‘तू’ म्हणते. इंग्रजीत हा घोळ सर्वनामांपुरता राहतो. मराठीत तो क्रियापदात शिरतो. आईच्या तोंडचे ‘मी जाते’ उचललेला मुलगा स्वतःबद्दल ‘मी जाते’ म्हणतो आणि वर्ग हसतो. वर पुन्हा ‘तू’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ यांची पायरी आहे. ती वयावर ठरत नाही, कारण आईला ‘तू’ आणि बाबांना कित्येक घरांत ‘तुम्ही’. आजीला एका घरात ‘तू’, दुसऱ्या घरात ‘तुम्ही’. आत्या, मावशी, काकू आणि मामी यांतला फरक हाच मुळी नात्यांचा नकाशा आहे. मराठी मुलाचे सामाजिक शिक्षण बरेचसे या व्याकरणातच घडते. इंग्रजीत ‘हॅलो’ म्हणणारा यंत्रमानव यातले काय शिकवणार? उद्या कोणी त्याला मराठी बोलायला लावले, तरी तो ‘मी येतो’ म्हणणार की ‘मी येते’, आणि मुलाने त्याला ‘अरे’ म्हणायचे की ‘अहो’, हे आधी ठरवावे लागेल, आणि ते ठरवणारी माणसे मराठी घरातली, शक्यतो स्वमग्न मुलांचे पालक आणि स्वमग्न तरुण असावीत. पालकांना अजूनही सल्ला दिला जातो की मुलाचा गोंधळ होऊ नये म्हणून घरी एकच भाषा बोला, आणि ती एक भाषा बहुधा शाळेची इंग्रजी असते. दोन भाषा ऐकल्याने स्वमग्न मुलांच्या भाषाविकासाला हानी पोचत नाही, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे. आई ज्या भाषेत रागावते, लाड करते, ओव्या गुणगुणते, ती भाषा मुलाच्या कानावरून काढून घेणे हे शिक्षण नव्हे. इंग्रजी बोलणारे महागडे यंत्र वर्गात आले की हा चुकीचा सल्ला आणखी बळकट होईल, याची मला काळजी वाटते.

काही वर्षांपूर्वी विशेष शिक्षणविषयक एका प्रदर्शनात मी असा छोटा यंत्रमानव पाहिला. तो नाचला, मुलांनी टाळ्या वाजवल्या. सात-आठ वर्षांचा एक मुलगा मात्र त्याच्या मागच्या बाजूला जाऊन बसला आणि यंत्रमानवाचा गुडघा कसा वाकतो ते निरखू लागला. मग त्याने शेजारच्या ताईंचा हात धरला आणि त्या गुडघ्याकडे नेला. सादरकर्त्याने त्याला खांद्याला धरून पुढे आणले, चेहऱ्यासमोर बसवले आणि ‘बघ, तो तुझ्याशी बोलतोय’ असे सांगितले. त्या मुलाने दुसऱ्या माणसाला आपल्या आवडीची गोष्ट स्वतःहून दाखवली होती. येलच्या संशोधकांनी महिनाभर ज्याची वाट पाहिली ते सामाईक अवधान तिथे आपल्या पायांनी चालत आले होते, आणि कार्यक्रमात त्याला जागा नसल्यामुळे ते कोणी ओळखले नाही. सादरकर्त्याचा हेतू वाईट नव्हता. मुलाचे ऐकायला त्याला कोणी शिकवलेच नव्हते.

यंत्र विकत घेणाऱ्या संस्थांनी विचार करावा अशी एक बाब बाजाराची आहे. जिबोच्या कंपनीचा कारभार आटोपला आणि २०१९ साली आपली सेवा बंद होणार असल्याचे त्या यंत्राने घराघरांत स्वतःच सांगितले. मुलांच्या भावनिक-सामाजिक विकासासाठी म्हणून ७९९ डॉलरना विकल्या गेलेल्या ‘मॉक्सी’ या यंत्रमानवाच्या निर्मात्या कंपनीने डिसेंबर २०२४ मध्ये दुकान बंद करत असल्याचे जाहीर केले, आणि आपला मित्र आता बोलणार नाही हे मुलांना कसे समजवायचे, हा प्रश्न पालकांपुढे येऊन पडला. यंत्र पुढे चालू ठेवण्याचा काही तांत्रिक मार्ग कंपनीने नंतर दिला, पण तो सामान्य पालकाच्या आवाक्यातला नव्हे. नाओची जन्मदाती अल्देबारानही २०२५ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि तिची मालमत्ता दुसऱ्या कंपनीकडे गेली. ज्या मुलाला शाळेच्या बसचा रस्ता बदलला तरी दिवस जड जातो, त्याच्या आयुष्यात आपण एक सोबती आणतो, आणि तो सोबती किती दिवस राहील हे दूर देशातील कंपनीच्या ताळेबंदावर अवलंबून असते. दूरच्या सर्व्हरवाचून न चालणारे यंत्र या मुलांच्या वर्गात आणूच नये. अशी यंत्रे मुलाची नजर, आवाज, हालचाल सतत टिपत असतात, ही काळजी वेगळीच. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या २०२३ च्या केंद्रीय कायद्याने मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळलेली संमती आवश्यक केली आहे, आणि शाळांनी ती सही प्रवेशअर्जाच्या गठ्ठ्यात घुसडून घेऊ नये.

मग पैसा कुठे जावा? उत्तर शोधायला लांब जावे लागत नाही. गोव्यातील ‘संगथ’ या संस्थेने आणि पाकिस्तानातील रावळपिंडीच्या सहकाऱ्यांनी ‘पास’ नावाची चाचणी केली. तिचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. २ ते ९ वर्षांची ६५ मुले तिच्यात होती. पद्धत मूळ ब्रिटनमधली, पण ती इथल्या घरांना जुळवून घेतलेली होती. काम करणारे तज्ज्ञ डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण दिलेले सामान्य आरोग्य कार्यकर्ते होते. पालक मुलाशी खेळतानाचे चित्रण करायचे आणि मग ते पालकांबरोबर बसून पाहायचे. मुलाने कुठे हळूच नजर टाकली, कुठे आवाज काढला, कुठे हात पुढे केला, आणि आपण त्याच क्षणी दुसरीच सूचना देऊन तो क्षण कसा घालवला, हे आईला स्वतःच्या डोळ्यांनी दिसते. पुढच्या वेळी ती थांबते, मूल जिथे पाहते तिथे पाहते, त्याच्या खेळावर बोलते. पालकांचा मुलाशी सूर जुळणे वाढले आणि मुले पालकांशी स्वतःहून अधिक संवाद सुरू करू लागली, असे या चाचणीत दिसले. ज्या ब्रिटिश पद्धतीवरून ही घेतली तिच्यात सहभागी झालेल्या मुलांना जवळजवळ सहा वर्षांनी पुन्हा तपासले, तेव्हाही लक्षणांची तीव्रता तुलनेने कमी होती. इथेही मोठ्यांनी मुलाच्या मागे जायचे आहे. एडिनबर्गचे कासव जे करत होते तेच गोव्यातील आई करायला शिकली, आणि ती घरातून कुठे निघून जाणार नाही, तिला कंपनीच्या सर्व्हरची गरज नाही, आणि ती कोंकणीत किंवा मराठीत बोलते.

अपंग व्यक्ती हक्क कायदा २०१६ पासून आहे आणि त्यातील २१ प्रकारांत स्वमग्नता स्पष्ट नोंदलेली आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली विशेष गरजा असलेल्या दर १० मुलांमागे प्राथमिक स्तरावर एक आणि दर १५ मुलांमागे त्यापुढील स्तरावर एक विशेष शिक्षक हवा, असे प्रमाण ग्राह्य धरले, आणि २०२५ मध्ये राज्यांना ही पदे मंजूर करून जाहीर करण्यास पुन्हा सांगावे लागले. चार वर्षांनी पुन्हा सांगावे लागते, यातच परिस्थिती कळते. कंत्राटी विशेष शिक्षिकेला अनेक शाळांमधून फिरावे लागते. एका मुलाचा विश्वास बसेपर्यंत कंत्राटाची मुदत संपते. अशा जिल्ह्यात कोणी उद्योगसमूहाच्या सामाजिक निधीतून लाखो रुपयांचा यंत्रमानव देऊ केला, तर फीत कापली जाईल, छायाचित्र छापून येईल, आणि शिक्षकाचे रिक्त पद रिक्तच राहील. देणगीदारांना माझे सांगणे आहे की त्याच रकमेत एका तालुक्यातील अंगणवाडी सेविकांना आणि पालकांना ‘पास’सारख्या पद्धतीचे प्रशिक्षण द्या, जमिनीवर चालणारी, बटणांनी आज्ञा घेणारी साधी यंत्रे वर्गांना द्या.

ज्या संस्थांकडे यंत्रमानव आधीच आहेत त्यांनी ते कपाटात बंद करावेत, असे मी म्हणत नाही. त्यांनी नियंत्रक मुलांच्या हातात द्यावा. कॅस्परबरोबर जमते ते नाओबरोबरही जमेल. दोन मुले, मध्ये यंत्र, आणि शेजारी ताई. एकाने ठरवायचे की हा आता हात हलवेल की खाली बसेल, आणि दुसऱ्याने ओळखायचे. एखाद्या मुलाला चेहऱ्यापेक्षा गुडघाच बघायचा असेल, तर ताईंनी त्याच्याबरोबर मागे जाऊन बसावे आणि तो हात धरून काय दाखवतो ते पाहावे.